जुन्या मालमोटारीचे ब्रेक आणि उसने भाग

मुंबईत शिवडी येथे जनरल मोटर्सने १९२८ साली मोटारींच्या जुळणीचा कारखाना काढला आणि १९५४ साली तो बंद केला. त्यामुळे शेवरोले हे नाव मराठी माणसाला परके नाही. अमेरिकेत १९४७ नंतरच्या बांध्याच्या अर्ध्या टनाच्या शेवरोले मालमोटारी हौशी लोक अजून जपून चालवितात. आणि इंजिन नीट झाले की त्यांच्यापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो ब्रेकचा. जुनी गाडी सुरू झाली नाही तर फार तर घरी बसावे लागते. ती थांबली नाही तर काय होते, हे सांगावयास नको.

या गाड्यांना १९५० पर्यंत हक पद्धतीचे ब्रेक होते. १९५१ पासून बेंडिक्स पद्धतीचे आले. ड्रम दोहोंत आहे, आतील अर्धचंद्राकृती शूंची जोडी आहे, ऑइलच्या दाबाने ते शू फाकविणारे सिलिंडरही आहे. मग फरक कोठे? हक ब्रेकमध्ये प्रत्येक शू स्वतंत्रपणे टेकलेला असतो. एकाचा जोर दुसऱ्याला मिळत नाही. बेंडिक्समध्ये दोन्ही शूंची खालची टोके एका दातेरी स्क्रूने परस्परांस जोडलेली असतात, पण पाठीमागच्या पाटीस जखडलेली नसतात. टेकण्याची खुंटी वर असते. ब्रेक दाबताच फिरता ड्रम पुढच्या शूला आपल्याबरोबर ओढतो, तो स्क्रूमार्फत मागच्या शूला ढकलतो, आणि मागचा शू वरच्या खुंटीवर रेटला जाऊन ड्रमला घट्ट भिडतो. म्हणजे गाडीची गतीच गाडी थांबविण्यास हातभार लावते. मागच्या शूवर काम अधिक पडते, म्हणून त्याचे लायनिंग लांब आणि पुढच्याचे आखूड असते. शू उलटसुलट बसविण्याची चूक चांगल्या कारागिराकडूनही होते.

अर्थात हा जोर घर्षणावर अवलंबून आहे, आणि घर्षण बिघडले की तोही बिघडतो. एका चाकाच्या लायनिंगला ग्रीस लागले तर गाडी एका अंगाला खेचते. लांब उतारावर ड्रम तापून प्रसरण पावतो, लायनिंगची पकड उतरते, आणि मघाशी हलका वाटणारा ब्रेक एकाएकी जड व निरुपयोगी होतो. नवे ब्रेक बसविले म्हणून घाटात खालचा गिअर टाकण्याची जुनी सवय सोडून चालत नाही.

१९५१ नंतरच्या गाडीच्या पाट्या जुन्या गाडीवर बसू शकतात, म्हणून भंगारातून त्या आणून हा बदल केला जातो. पण पाटी एकटी आणून भागत नाही. शू, सिलिंडर, ड्रम आणि हब एकाच गाडीचे घ्यावेत. नाहीतर ड्रम पाटीला घासतो किंवा शू ड्रमच्या पूर्ण रुंदीवर टेकत नाही. दातेरी स्क्रूचे आटे डाव्या व उजव्या बाजूंस वेगळे असतात, त्यांची अदलाबदल होता कामा नये. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव धरून ड्रममधील धूळ हवेच्या झोताने उडवू नये. ती ओली करून पुसावी. तिचा परिणाम फुप्फुसांवर वर्षांनी दिसतो.

खरी फसगत सिलिंडरच्या मापात होते. एक इंच व्यासाच्या जागी एक सूत मोठे, म्हणजे सव्वाआठ नव्हे तर नऊ सुतांचे सिलिंडर आले, तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे २७ टक्क्यांनी वाढते. शूवरचा जोर तितकाच वाढतो, आणि ऑइलही तितकेच अधिक लागत असल्याने पेडल खोल जाते. पुढच्या चाकांना हे एक वेळ चालेल. मागे असे सिलिंडर लावले तर अनर्थ आहे, कारण ब्रेक दाबताना भार पुढे सरकतो, रिकाम्या मालमोटारीची पाठ हलकी होते, मागची चाके आधी जखडतात आणि गाडी गर्रकन फिरते. म्हणून पहिली परीक्षा मोकळ्या रस्त्यावर, सावकाश आणि रिकाम्याच गाडीने घेतात.

उरतो मास्टर सिलिंडर. या गाड्यांत तो चालकाच्या पायाखाली आहे, आणि एकच असल्यामुळे एक नळी फुटली की चारही चाकांचा ब्रेक जातो. शेवरोलेच्या मालमोटारींना दुहेरी मास्टर सिलिंडर १९६७ पासून आला. तो जुन्या गाडीला लावणे शहाणपणाचेच. मात्र तो डिस्क ब्रेकच्या गाडीचा असेल तर एक अडचण येते. ड्रम ब्रेकच्या नळ्यांत पेडल सोडल्यावरही थोडा दाब शिल्लक राहावा लागतो. त्यामुळे सिलिंडरमधील रबरी वाट्या कडेला चिकटून राहतात आणि हवा आत शिरत नाही. डिस्कच्या बाजूला एवढा दाब ठेवीत नाहीत. अशा वेळी ड्रमच्या नळीत चौरस इंचास सुमारे १० पौंड दाब राखणारी वेगळी झडप बसवितात, आणि मगच ऑइल भरून नळ्यांतील हवा काढतात.