कॅफिन-संवेदनशीलता आणि चहा-कॉफीच्या सवयींचे नियोजन : एक विवेचन

सारांश

चहा व कॉफी ही आपल्या शैक्षणिक जीवनाची नित्याची अंगे आहेत. या पेयांतील कॅफिन सर्वांना सारखे मानवत नाही. एकाच मात्रेचा परिणाम दोन व्यक्तींवर भिन्न का होतो, 'मला चहा सोसत नाही' या तक्रारीमागे कोणती शारीरिक कारणे असतात आणि सवय न मोडता ती मर्यादेत कशी आणता येते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

बीजशब्द : कॅफिन, अर्धायुकाल, संवेदनशीलता, झोप, सवय, चहा, कॉफी

प्रस्तावना

पुण्यात १८९० मध्ये पंचहौद मिशनमधील चहाच्या प्रसंगावरून ग्रामण्य उभे राहिले आणि न्या. रानडे व लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांपुढेही प्रायश्चित्ताचा प्रश्न आला. त्या काळी चहा कोणाच्या हातचा घेतला, हा वादाचा विषय होता. आज परिस्थिती नेमकी उलट झाली आहे. आज चहा 'नको' म्हणणाऱ्यालाच खुलासा द्यावा लागतो. प्राध्यापक कक्षात, परीक्षा विभागात, मूल्यमापन केंद्रावर किंवा एखाद्या समितीच्या भेटीत पुढे आलेला कप नाकारणे हे शिष्टाचारास सोडून मानले जाते. 'अर्धा तरी घ्या' या आग्रहापुढे बहुतेकांचा नकार टिकत नाही.

या आग्रहात आपुलकी असते, हे निर्विवाद होय. परंतु ज्याला दुपारच्या चहानंतर रात्री दोन वाजेपर्यंत झोप लागत नाही, किंवा कॉफीनंतर ज्याची छाती धडधडते, त्याची तक्रार म्हणजे नखरा नव्हे. तिला शरीरशास्त्रीय आधार आहे. तो समजून न घेतल्यामुळे काही जण सायंकाळी चहा घेतात आणि रात्री झोपेच्या गोळीचा आधार शोधतात. हे दुष्टचक्र तोडणे हा प्रस्तुत विवेचनाचा हेतू आहे.

कॅफिनचे कार्य

जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रीडलीब रुंग याने १८१९ मध्ये कॉफीच्या बियांपासून कॅफिन वेगळे केले. त्याला या बिया कवी गटे याने दिल्या होत्या. रसायनशास्त्राच्या भाषेत कॅफिन म्हणजे ट्रायमिथाइलझँथिन होय.

आपण जागे असताना मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचे द्रव्य साठत जाते. ते मज्जापेशींवरील विशिष्ट ग्राहींना जाऊन चिकटले की थकवा व झोप जाणवू लागते. कॅफिनची रेणुरचना अ‍ॅडेनोसिनशी मिळतीजुळती असल्याने ते या ग्राहींची जागा अडविते. पण झोपेचा संदेश मात्र देत नाही. म्हणजेच कॅफिन शरीराला नवी शक्ती पुरवीत नाही. थकव्याची सूचना तेवढी रोखून धरते. त्याचा अंमल उतरताच साठलेले अ‍ॅडेनोसिन आपले काम करू लागते आणि 'चहा उतरल्या'ची सुस्ती जाणवते.

संवेदनशीलतेचे तीन अर्थ

'सोसत नाही' या एकाच शब्दप्रयोगात तीन भिन्न गोष्टी दडलेल्या असतात. त्यांचे उपाय वेगवेगळे असल्याने हा भेद प्रथम करणे आवश्यक आहे.

१) निचरा मंद असणे : शरीरातील बहुतांश कॅफिनचे विघटन यकृतातील सीवायपी१ए२ या विकरामार्फत होते. हे विकर आनुवंशिकतेनुसार कोणात जलद, तर कोणात मंद काम करते. प्रौढ व्यक्तीत कॅफिनचा अर्धायुकाल, म्हणजे शरीरातील मात्रा निम्मी होण्यास लागणारा काळ, सरासरीने सुमारे ५ तासांचा आहे. परंतु व्यक्तिपरत्वे तो सुमारे २ ते १० तास असू शकतो. धूम्रपानाने हे विकर उत्तेजित होऊन निचरा जलद होतो. म्हणूनच सिगारेट सोडलेल्या व्यक्तीला पूर्वीइतकाच चहा एकाएकी जड जाऊ लागतो. गर्भनिरोधक गोळ्यांमुळे अर्धायुकाल साधारण दुप्पट होतो, तर गरोदरपणाच्या अखेरच्या महिन्यांत तो याहूनही बराच लांबतो. सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे प्रतिजैविक व फ्लुवोक्सामिन हे मनोविकारांवरील औषध सदर विकराला अडथळा आणते.

२) मेंदूचा प्रतिसाद तीव्र असणे : काहींच्या शरीरातून कॅफिन योग्य वेळात बाहेर पडते, परंतु ते असेपर्यंत हात थरथरणे, अस्वस्थता, अकारण चिंता ही लक्षणे दिसतात. अ‍ॅडेनोसिनच्या ग्राहींची रचना ठरविणाऱ्या जनुकातील भेदांशी या प्रवृत्तीचा संबंध आढळला आहे. चिंताविकार असणाऱ्यांत ही लक्षणे अधिक ठळक असतात.

३) जठराची तक्रार : 'चहाने पित्त होते' ही आपल्याकडील सर्वांत परिचित तक्रार होय. चहा-कॉफीमुळे जठरातील आम्लस्राव वाढतो, हे खरे. तथापि रिकामे पोट, दुधाचे न पचणे किंवा तेलकट न्याहारी हीही कारणे त्यामागे असू शकतात. अशा व्यक्तीला कॅफिनचा निचरा उत्तम असूनही त्रास होतो आणि उपाशीपोटी चहा टाळल्याने बराच फरक पडतो.

मात्रेचा हिशेब

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद व हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांत कॅफिनची दैनंदिन मर्यादा ३०० मिलिग्रॅम सांगितली आहे. त्याच सूचनांनुसार १५० मिलिलीटर गाळीव कॉफीत ८० ते १२०, झटपट कॉफीत ५० ते ६५ आणि चहाच्या एका कपात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफिन असते. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१५ मध्ये निरोगी प्रौढांसाठी दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत, तर गरोदर स्त्रियांसाठी २०० मिलिग्रॅमपर्यंतचे सेवन चिंताजनक नसल्याचे मत दिले.

तथापि या मर्यादा सर्वसाधारण आहेत. एकाच मात्रेतून किती भिन्न परिणाम संभवतो, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एक प्राध्यापक सकाळी ६, ११, दुपारी १, ३ व सायंकाळी ६ वाजता असे पाच कप चहा घेतात आणि प्रत्येक कपात ४० मिलिग्रॅम कॅफिन आहे. एकूण मात्रा २०० मिलिग्रॅम, म्हणजे मर्यादेच्या पुष्कळ आत आहे. आदल्या दिवसाची शिल्लक सोडून दिली, तरी रात्री ११ वाजता त्यांच्या शरीरातील कॅफिन पुढीलप्रमाणे राहील :

अर्धायुकाल ३ तास असल्यास सुमारे २६ मिलिग्रॅम;
अर्धायुकाल ५ तास असल्यास सुमारे ५५ मिलिग्रॅम;
अर्धायुकाल १० तास असल्यास सुमारे १०१ मिलिग्रॅम.

तिसऱ्या व्यक्तीची अवस्था जवळजवळ अडीच कप चहा एकदम पिऊन अंथरुणावर पडल्यासारखी होय. पहिली व्यक्ती तिला 'मी पाच कप पिऊनही घोरतो, तुम्हालाच काय होते?' असे विचारते, तेव्हा दोघेही आपापल्या अनुभवाशी प्रामाणिकच असतात. विशेष म्हणजे, या तिसऱ्या व्यक्तीने दुपारी ३ व सायंकाळी ६ चे केवळ दोन कप वगळले, तर रात्रीची शिल्लक सुमारे ५० मिलिग्रॅमवर, म्हणजे जवळजवळ निम्म्यावर येते. चहा सोडण्यापेक्षा चहाची वेळ बदलणे हा पहिला उपाय का, याचे उत्तर या हिशेबात आहे.

झोपेच्या सहा तास आधी घेतलेल्या ४०० मिलिग्रॅम कॅफिननेही एकूण झोप एक तासाहून अधिक घटल्याचे अमेरिकेतील एका प्रयोगात २०१३ मध्ये आढळले. सहभागी मोजकेच होते आणि मात्राही मोठी होती. परंतु झोप किती घटली, याची जाणीव सेवन करणाऱ्याला पुरेशी होत नाही, हा त्यातील धडा महत्त्वाचा आहे. 'मला चहाने काही होत नाही' हे विधान म्हणूनच तपासून घ्यावे लागते.

सवय आणि तिचा त्याग

नियमित सेवनाने शरीर कॅफिनला सरावते. असा सराव झाल्यावर चहा एकाएकी थांबला, तर १२ ते २४ तासांत डोकेदुखी, मरगळ, चिडचिड व एकाग्रतेचा अभाव ही लक्षणे उद्भवतात. ती पहिल्या दोन दिवसांत तीव्र असतात व २ ते ९ दिवसांत ओसरतात. दिवसाला १०० मिलिग्रॅम, म्हणजे दोन-तीन कप चहा घेणाऱ्यांतही ती दिसू शकतात. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ संघटनेच्या २०१३ च्या निदानपुस्तिकेत या अवस्थेला स्वतंत्र निदानाचे स्थान देण्यात आले आहे. निर्जळी एकादशीला किंवा रमजानच्या पहिल्या रोजांत दुपारनंतर डोके दुखते, त्यात भुकेइतकाच चुकलेल्या चहाचाही वाटा असू शकतो. चहा घेताच डोके उतरते, यावरून चहा हे डोकेदुखीचे औषध ठरत नाही; अनेकदा त्या डोकेदुखीचे कारणही तोच असतो.

नियोजनाचे उपाय

१) नोंद : प्रथम एक आठवडा प्रत्येक कपाची वेळ, झोप लागण्याची वेळ व त्रासाचे स्वरूप वहीत टिपावे. वरील तीनपैकी आपली संवेदनशीलता कोणती, हे या नोंदीतून बहुधा उमगते.

२) वेळेची सीमा : झोपेची तक्रार असणाऱ्यांनी शेवटचा कप दुपारी १ पूर्वी घ्यावा व दोन आठवडे परिणाम पाहावा.

३) क्रमाक्रमाने घट : दर तीन-चार दिवसांनी अर्धा कप कमी करावा. एकदम त्याग केल्यास डोकेदुखीला कंटाळून माणूस पुन्हा मूळ पदावर येतो.

४) पर्यायांची पारख : कोऱ्या चहात दूध नसले तरी कॅफिन असते, ग्रीन टीतही असते. गवती चहा ही वनस्पती कॅफिनरहित आहे. मात्र ती चहापत्तीबरोबर उकळली की तो नेहमीचाच चहा होतो. रोबस्टा जातीच्या कॉफीत अरेबिकाच्या साधारण दुप्पट कॅफिन असते. चिकोरीत ते मुळीच नसल्याने चिकोरीमिश्रित फिल्टर कॉफी तुलनेने सौम्य ठरते. ताक, कोकम सरबत, सुंठीचे किंवा जिऱ्याचे गरम पाणी हे निर्धोक पर्याय होत.

५) औषधे व तपासण्या : थायरॉइडची गोळी पाण्याबरोबरच घ्यावी व त्यानंतर किमान अर्धा ते एक तास चहा-कॉफी टाळावी, अन्यथा औषधाचे शोषण घटते. चहातील टॅनिनमुळे अन्नातील व गोळ्यांतील लोहाचे शोषण कमी होते. म्हणून जेवणापूर्वी व नंतर एक तास चहा घेऊ नये, असे उपरोक्त २०२४ च्या सूचनांतही म्हटले आहे. रक्तक्षय असणाऱ्या विद्यार्थिनी व स्त्रियांच्या दृष्टीने हे विशेष महत्त्वाचे आहे. रक्तदाब मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा-कॉफी घेऊ नये. डोकेदुखीच्या काही गोळ्यांतही कॅफिन असते, हे वेष्टन वाचून पाहावे. छातीतील धडधड किंवा निद्रानाश कॅफिन कमी करूनही टिकला, तर वैद्यकीय सल्ला घ्यावा.

दुसरी बाजू

या विवेचनाचा अर्थ चहा-कॉफी त्याज्य आहे, असा मुळीच नाही. कॉफीचे माफक सेवन करणाऱ्यांत मधुमेहाचा दुसरा प्रकार, यकृताचे काही विकार व पार्किन्सनचा आजार यांचे प्रमाण कमी असल्याचे अनेक निरीक्षणात्मक अभ्यासांत दिसले आहे. मात्र अशा अभ्यासांतून सहसंबंध कळतो, कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनेही २०१६ मध्ये कॉफीला कर्करोगकारक ठरविण्यास पुरेसा पुरावा नसल्याचे म्हटले. संभाव्य धोका दाखविला तो ६५ अंश सेल्सिअसहून अधिक गरम पेयांबाबत. तात्पर्य, जे एकास पथ्यकर ते दुसऱ्यास अपथ्यकर असू शकते.

समारोप

परीक्षेच्या काळात विद्यार्थी ऊर्जापेयांचे डबे घेऊन रात्र जागवितात. भारतीय नियमांनुसार अशा कॅफिनयुक्त पेयांत लिटरमागे ३०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन असू शकते आणि ती मुलांसाठी, गरोदर व स्तनदा मातांसाठी, तसेच कॅफिन-संवेदनशील व्यक्तींसाठी नाहीत, अशी सूचना वेष्टनावर छापावी लागते. परंतु आपण संवेदनशील आहोत की नाही, हेच ज्या विद्यार्थ्याला ठाऊक नाही, त्याला ही सूचना काय उपयोगाची? ते त्याला सांगणे हे शिक्षकाचे काम आहे, आणि ते स्वतःच्या सवयी तपासलेल्या शिक्षकालाच अधिकाराने सांगता येईल.

संस्थात्मक पातळीवर करावयाचे काम लहान व बिनखर्चाचे आहे. सभा-संमेलनांत चहाच्या शेजारी ताकाचा किंवा गरम पाण्याचा पेला ठेवावा, दुपारच्या बैठकीत 'काय घ्याल?' असे विचारावे आणि 'काही नको' या उत्तराचा मान राखावा. सव्वाशे वर्षांपूर्वी चहा घेण्याचे स्वातंत्र्य मिळविण्यास समाजाला वाद घालावा लागला. तो न घेण्याचे स्वातंत्र्य देण्यास प्राध्यापक कक्षातील थोडा समजूतदारपणा पुरेसा आहे.