यंत्राचा श्वास

मोटारीचे बळ पेट्रोलात असते, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा होय. एक किलो पेट्रोल पूर्णपणे जळावयास सुमारे १४.७ किलो हवा लागते. म्हणजे एका लिटरमागे नऊ हजार लिटरांच्या आसपास. इंधन मोजून देणे सोपे. एवढी हवा पुरविणे हीच खरी अडचण. म्हणून जिच्यातून ही हवा इंजिनात शिरते, ती नळी दिसावयास साधी असली तरी क्षुल्लक नव्हे.

या विषयाचा विचार करावयास चेन्नईच्या दक्षिण भागातील गिंडी हे ठिकाण मोठे सोयीचे आहे. १७९४ साली सर्वेक्षणशाळा म्हणून सुरू झालेले अभियांत्रिकी महाविद्यालय १९२० साली येथे आले. १९५८ साली लहान उद्योगांसाठी येथे औद्योगिक वसाहत उभी राहिली. एकीकडे शास्त्र, दुसरीकडे लेथ आणि वेल्डिंग. जवळूनच अड्यार नदी वाहते. तिचाही या नळीशी संबंध आहे. तो पुढे येईल.

इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुरात पुष्कळ शक्ती वाया जाते. तिच्यावर एक चाक फिरवावे आणि त्याच दांड्यावरील दुसऱ्या चाकाने हवा दाबून इंजिनात भरावी, ही कल्पना स्वित्झर्लंडचे अभियंते आल्फ्रेड ब्युखी यांनी १९०५ साली मांडली. तोच टर्बोचार्जर. मोटारीतील त्याची चाके मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतात. महाबळेश्वरासारख्या उंचीवर हवेचा दाब सुमारे पंधरा टक्क्यांनी उतरतो आणि साधे इंजिन धापा टाकू लागते. टर्बोचार्जर ती उणीव बऱ्याच अंशी भरून काढतो.

आता नळीकडे वळू. फिल्टरपासून टर्बोचार्जरपर्यंतच्या वाटेत शंभरातील तीन भाग दाब हरवला आणि पुढे हवा दुप्पट दाबली गेली, तर मूळचा तोटाही दुप्पट होऊन सहा भागांवर जातो. अरुंद तोंड, तीव्र वळण आणि आतील खडबडीतपणा ही या तोट्याची कारणे. प्रवाह तेवढाच असता नळीचा व्यास ५० मिलिमीटरवरून ५५ केला, तर घर्षणाचा तोटा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक घटतो. टर्बोचार्जरपुढील भागाची गोष्ट निराळी. दाबलेली हवा शंभर अंशांपलीकडे तापते आणि तापलेली हवा विरळ होते. म्हणून तिला इंटरकूलरमधून न्यावे लागते. तेथे मऊ रबरी नळी दाबाने फुगते. कापडाचे थर घातलेली सिलिकोनची नळी आकार टिकवून धरते.

परंतु नळी बदलली की बळ वाढलेच, असे नव्हे. साखळीचे बळ तिच्या सर्वांत कच्च्या कडीएवढेच असते. अडथळा मळलेल्या फिल्टरमध्ये असेल, तर चकचकीत नळी लावून उपयोग काय? कारखान्यातील अभियंत्यांनी मूळ नळी ठरविताना आवाज, धूळ, पाणी आणि किंमत यांचा एकत्र विचार केलेला असतो. जादा बळाच्या लोभाने त्यांतील एखादी गोष्ट दृष्टिआड केली, तर दंड इंजिनाला भरावा लागतो. फिल्टरनंतरचा सांधा सैल राहिला, तर धुळीचे कण आत शिरतात, चाकाची पाती झिजवितात आणि सिलिंडर खरवडतात. हवा मोजणाऱ्या संवेदकाजवळचा व्यास बदलला, तर त्याचे माप चुकते आणि त्याबरोबर इंधनाचेही. टर्बोचार्जरच्या पुढे गळती झाली, तर मोजलेली हवा वाटेतच निसटते. इंधन अधिक पडून काळा धूर निघतो.

सर्वांत मोठा धोका पाण्याचा. गार हवा मिळावी म्हणून काहीजण नळीचे तोंड खाली, रस्त्याजवळ नेतात. डिसेंबर २०१५ मध्ये अड्यारला पूर येऊन चेन्नईचे रस्ते पाण्याखाली गेले. अशा वेळी ते तोंड हवेऐवजी पाणी ओढते. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. पिस्टन वर येताच अडतो आणि त्याला जोडलेला दांडा वाकतो. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करण्याचा हट्ट तर हमखास घातक. मुंबईच्या पावसाळ्यातही हाच नियम लागू आहे.

कायद्याचाही विचार करावयास हवा. नोंदणीतील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाहून भिन्न ठरेल, असा फेरबदल करण्यास मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ मनाई करते. हमीच्या अटीही आधी वाचलेल्या बऱ्या.

तेव्हा क्रम असा असावा : प्रथम फिल्टर स्वच्छ करावा किंवा बदलावा, मग सांधे तपासावेत, नंतर दाब मोजावा, आणि दोष नळीतच आढळला तर ती जाणत्या हातांनी बदलावी. नळीचे तोंड मात्र मूळच्या उंचीवरच ठेवावे. श्वास मोकळा असावा हे खरे; पण तो स्वच्छ आणि कोरडा असणे त्याहूनही अगत्याचे.