बर्फाखाली चालणारी फळी

विनिपेग सरोवर गोठले की तिथल्या मच्छीमारापुढे मोठा प्रश्न असतो तो जाळ्याचा. शंभर यार्डांचे जाळे बर्फाखाली ताणून बसवायचे कसे? भोक कुठेही पाडता येते, पण एका भोकातून दुसऱ्यापर्यंत दोरी न्यायला पाण्यात उतरणार कोण? पूर्वी थोड्या थोड्या अंतरावर भोकांची रांग पाडायची आणि लांब काठी बर्फाखालून एका भोकाकडून पुढच्या भोकाकडे सरकवत न्यायची. उणे तीस अंशांत, हातातल्या पहारीने. नंतर, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतातल्या या सरोवरावर ‘जिगर’ आला. त्याचे श्रेय सहसा इथल्या आइसलँडी वंशाच्या मच्छीमारांना दिले जाते.

जिगर म्हणजे सात-आठ फुटांची एक लाकडी फळी. मधोमध खाच, खाचेत बिजागरीवर हलणारा लोखंडी हात, त्याला जोडलेली तरफ आणि तरफेला बांधलेली दोरी. फळी भोकातून खाली सोडली की लाकूड असल्याने ती वर येते आणि बर्फाच्या पोटाला चिकटते. आता वरून दोरीला हिसका द्यायचा. तरफ ओढली जाते, लोखंडी हाताचे टोक बर्फात रुतते आणि फळीला पुढे ढकलते. दोरी सैल सोडली की हात आपल्याच वजनाने खाली पडतो आणि पुढच्या हिसक्यासाठी तयार होतो. दोरी मागे ओढावी आणि फळी पुढे जावी, हा उलटा न्यायच या यंत्राचा जीव आहे. ना इंजिन, ना इंधन. बिघडलाच तर दुरुस्तीला हातोडी पुरते.

पण फळी गेली कुठे, हे तिला सांगता येत नाही. म्हणून या कामाला दुसरा माणूस लागतो. एक जण दोरीला हिसके देत राहतो आणि दुसरा बर्फावरून फळीच्या मागावर चालतो. हिवाळ्याच्या सुरुवातीला बर्फ काचेसारखा असतो, तेव्हा भडक रंगात रंगवलेली फळी वरूनही दिसते. पुढे बर्फ जाड होतो, वर हिम साचते, मग भिस्त कानावर. प्रत्येक हिसक्यासरशी लोखंड बर्फावर आपटते, त्या ठोक्यावरून फळीची जागा ठरवायची आणि नेमके तिथे भोक पाडायचे. वारा सुटलेला असताना हे करून पाहावे, म्हणजे या कामातली कारागिरी कळेल. फळी हाती लागली की दोरी दोन्ही भोकांतून जाते, तिला जाळे बांधून खाली ओढून घेतले जाते. पुढच्या खेपेला एका टोकाने जाळे वर काढायचे, मासे सोडवायचे आणि दुसऱ्या टोकाच्या दोरीने तेच जाळे परत खाली न्यायचे.

जाळ्यात मिळतात पिकरेल, सॉगर, व्हाइटफिश. उघड्यावर मासा बघता बघता दगड होतो आणि ताज्या माशाचा भाव हातचा जातो. म्हणून आधी घोड्यांनी ओढायची शेगडीवाली लाकडी खोपटी आणि नंतर बोंबार्डिए कंपनीच्या, गोल खिडक्यांच्या, पट्ट्यांवर चालणाऱ्या हिमगाड्या या सरोवरावर फिरू लागल्या.

ही आइसलँडी माणसे इथे आली १८७५च्या ऑक्टोबरात. त्याच वर्षी आइसलँडमध्ये आस्क्या ज्वालामुखीच्या राखेने पूर्वेकडची कुरणे झाकली गेली आणि पुढच्या वर्षी बाराशेच्या आसपास माणसांचा मोठा जथा त्यांच्यामागून आला. वसाहतीला ‘नवे आइसलँड’ म्हटले गेले. तिचे स्वतःचे संविधान होते, ‘फ्रामफारी’ नावाचे वृत्तपत्र होते आणि चार विभाग होते. त्यांतला एक विभाग म्हणजे मिक्ले बेट, आजचे हेक्ला. अधिकृत इतिहास संविधानावर रेंगाळतो. पोट भरण्याची विद्या मात्र या लोकांना शेजाऱ्यांकडून शिकावी लागली. खुल्या समुद्रावर वाढलेल्यांना गोठलेल्या गोड्या पाण्यातली मासेमारी ठाऊक नव्हती.

शेजारी म्हणजे तिथले मूळ रहिवासी, ज्यांच्या जमिनीवर ही वसाहत उभी राहिली. त्यांतला जॉन रॅम्झी हा सोल्टो जमातीचा माणूस जागा गमावूनही नवख्यांच्या मदतीला धावला. १८७६–७७च्या देवीच्या साथीत शंभराहून अधिक आइसलँडी दगावले, मूळ रहिवाशांच्या वस्त्याच्या वस्त्या ओस पडल्या आणि रॅम्झीची पत्नी बेट्सीही गेली. तिच्या थडग्यासाठी त्याने संगमरवरी शिळा आणवली. रिव्हर्टनजवळ सँडी बार इथे ते थडगे आहे. नव्या आइसलँडची गोष्ट सांगताना हा माणूस पहिल्या प्रकरणात हवा, तळटीपेत नव्हे.

हेक्लाचे गाव पुढे माशांवर चालले. आज तिथे चर्च, शाळा, सभागृह आणि मासळी गोळा करण्याचे ठिकाण नीट डागडुजी करून ठेवलेले दिसते, आणि त्या नीटनेटकेपणातच खरी गोम आहे. १९६९मध्ये बेटावर प्रांतिक उद्यान जाहीर झाले, घरेजमिनी सरकारने ताब्यात घेतल्या आणि रहिवाशांना निघावे लागले. नावेऐवजी भरावाचा रस्ता आला, पण गावकरी पांगले. पुष्कळ वर्षांनी त्यांच्यापैकी काहींना व वंशजांना तिथे पुन्हा भूखंड मिळाले. उद्यान जाहीर झाले त्याच सुमारास, १९७०मध्ये, माशांत पारा सापडल्याने सरोवरातली व्यापारी मासेमारीच बंद ठेवावी लागली. मासळी विकण्याचा एकाधिकारही १९६९पासून एका केंद्रीय महामंडळाकडे गेला. मॅनिटोबा त्यातून बाहेर पडला तो २०१७मध्ये. मधली जवळजवळ पन्नास वर्षे मच्छीमाराला गिऱ्हाईक निवडायची सोय नव्हती. याला कोणी हमीभाव म्हणे, कोणी जोखड. दोघांकडेही आपापली हिशेबाची वही होती.

तरी ही संकटे माणसांशी भांडून सुटण्यासारखी होती. आताचे संकट पाण्यातच आहे. सरोवर सुमारे २४,५०० चौरस किलोमीटरचे, पण सरासरी खोली जेमतेम १२ मीटर. त्यात चार प्रांत आणि अमेरिकेची चार राज्ये यांचे पाणी उतरते, सोबत शेतांतला आणि सांडपाण्यातला फॉस्फरस. सर्वांत मोठा वाटा रेड नदीचा. उन्हाळ्यात हिरवे शेवाळ मैलोन्‌मैल पसरते आणि जाळ्यांना लिबलिबीत थर चढतो. एका जर्मन प्रतिष्ठानने २०१३ साली या सरोवराला ‘वर्षातील धोक्यातले सरोवर’ ठरवले. त्याच वर्षी झीब्रा शिंपले सापडले. पुढच्या वर्षी गिमलीसह काही बंदरांत पोटॅश ओतून ते मारून पाहिले, पण आता ते सरोवरभर आहेत. जाळ्यांवर त्यांचे घोस चढतात आणि कडेच्या वाळूत त्यांची धारदार कवचे साचतात.

जिगर चालवणाऱ्याच्या हाती यातले काही नाही. रेड नदीकाठच्या विनिपेग शहराच्या उत्तर टोकाला सांडपाणी शुद्धीकरणाचे जुने केंद्र आहे. तिथून सुटणाऱ्या फॉस्फरसची मर्यादा लिटरमागे एक मिलिग्रॅमवर आणायची मुदत होती २०१४ अखेरची. ती टळली. फेब्रुवारी २०२४मध्ये शहरातल्या एका फुटलेल्या वाहिनीतून वीस कोटी लिटरांहून अधिक सांडपाणी नदीत गेले. तेव्हा सरोवरावर हिवाळी मासेमारीचा हंगाम चालू होता.