बालाघाटातलं परदेशी झाड

दिवाळीच्या तोंडावर बीड जिल्ह्यातल्या बालाघाटाच्या डोंगरांत, धारूर-अंबाजोगाईकडे सीताफळांच्या पाट्या लागतात, तेव्हा हे झाड मुळात इथलं नाही यावर विश्वास बसत नाही. ते अमेरिका खंडाच्या उष्ण भागातलं. पोर्तुगीजांच्या काळात ते भारतात आलं, असं बहुतेक अभ्यासक मानतात. पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कनिंगहॅम यांना भारहुतच्या प्राचीन स्तूपावरच्या शिल्पांत सीताफळ दिसलं होतं आणि त्यावरून ते भारतीयच ठरवण्याकडे त्यांचा कल होता. पण दगडात कोरलेल्या फळाच्या आकारावरून एवढी मजल मारणं मला पटत नाही.

समुद्र ओलांडायला त्याला मुळं, माती काहीच लागलं नसावं. काळी, टणक बी पुरेशी होती. बालाघाटात ते टिकलं ते मात्र स्वतःच्या गुणांवर. पाल्याला शेरडं तोंड लावत नाहीत, उन्हाळ्यात पानं गाळून झाड पाणी वाचवतं आणि छाटलं तरी पुन्हा फुटतं. इतर रोपं चरली जातात त्या मुरमाड उतारांवर सीताफळ म्हणूनच फोफावलं.

असं वाढलेलं, फळाला आलेलं झाड मुळासकट हलवता येईल का? बीडला झाडांची आस्था कमी नाही. फेब्रुवारी 2020 मध्ये पालवणच्या सह्याद्री देवराईत वृक्षसंमेलन भरलं, तेव्हा अध्यक्षपद वडाला दिलं होतं. पण नुसती आस्था पुरत नाही. जेसीबीने उपटून दुसऱ्या खड्ड्यात उभं केलेलं झाड बहुधा वाळतं, कारण पाणी शोषणारी बारीक तंतुमुळं जुन्या जागीच राहतात. नीट करायचं तर तयारी आधीच्या हंगामात सुरू होते. बुंध्यापासून अंतर ठेवून एका बाजूने चर खणायचा, मुळं धारदार हत्याराने कापायची, चर शेणखत-मातीने भरायचा. पुढे दुसऱ्या बाजूनेही तसंच. कापलेल्या टोकांशी नवी तंतुमुळं फुटली की मातीचा गड्डा गोणपाटात घट्ट बांधून झाड उचलायचं, फांद्या आटोपशीर छाटायच्या आणि नव्या जागी पूर्वीइतक्याच खोलीवर लावायचं. खोडाला गड्ड्याच्या वर माती चढली तर ते कुजतं. मुरमात तर गड्डा सहसा धरतच नाही. म्हणून डोंगरातलं जुनं सीताफळ हलवण्यापेक्षा त्याची डोळकाडी घेऊन रोपावर कलम बांधणं मला शहाणपणाचं वाटतं.

देश बदलायचा असेल तर कलमाचाच पर्याय उरतो. मुळांच्या मातीतून सूत्रकृमी, बुरशी आणि किडी येतात, म्हणून भारताच्या 2003 च्या वनस्पती संगरोध आदेशानुसार आयातीसाठी परवाना आणि पाठवणाऱ्या देशाचं वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं, शिवाय मातीवर कडक बंधनं आहेत. हा जाच नाही. एका गड्ड्यातून शिरलेली कीड पुढे हजारो शेतकऱ्यांना निस्तरावी लागते.

सीताफळाचा वंश तरीही फिरत राहिला. 1908 मध्ये फ्लोरिडात पी. जे. वेस्टर यांनी सीताफळ आणि त्याच्याच कुळातलं चेरिमोया यांचा संकर केला. त्यातून अ‍ॅटिमोया झालं. ‘आयलंड जेम’ हे अ‍ॅटिमोया आणि ‘मॅमथ’ सीताफळ यांच्या संकरातून पुढे बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने ‘अर्का सहन’ वाण तयार केलं. अमेरिकेतून निघालेलं फळ असं दुसऱ्या रूपात परत इकडे आलं.

बीडची सीताफळं 2016 मध्ये भौगोलिक मानांकनाने नोंदली गेली. परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या अंबाजोगाईतल्या सीताफळ संशोधन केंद्राने ‘धारूर-6’ हे वाण निवडलं. हे काम डोंगरातल्या झाडांवर उभं आहे, आणि मला काळजी वाटते ती त्यांचीच. बियांपासून वाढलेल्या या झाडांत गर, गोडी, बियांचं प्रमाण यांचा फरक असतो; निवडीला तोच फरक लागतो. एकाच मोठ्या फळाच्या वाणाने सगळ्या बागा भरल्या तर हा साठा आटेल. चांगल्या झाडांची नोंद गावोगाव व्हावी, त्यांची डोळकाडी संशोधन केंद्रात कलमांवर जपावी, आणि मूळ झाडं आहेत तिथेच राहावीत. पानगळीनंतर, नवी फूट येण्यापूर्वी, पक्व काडी घेता येते. तेवढ्यासाठी जेसीबी लागत नाही.