पेज आमची, सोलकढी पाहुण्यांची

‘पिकते तेथे विकत नाही’ ही म्हण कोकणी माणसाने आपल्या ताटालाही लागू केली आहे. पाहुणा आला की घरात मासळी येते, नारळ फुटतो, मोदकपात्र माळ्यावरून खाली उतरते. आणि तोच पाहुणा अवेळी टपकला तर चुलीवरचे पेजेचे भांडे झाकून ठेवण्याची एकच धांदल उडते. आपण रोज काय खातो आणि आपण काय खातो असे इतरांना वाटते, या दोहोंत केवढे अंतर असते, हा विचार करण्याजोगा विषय आहे. तोच या लेखात मांडण्याचा प्रयत्न करीत आहे.

या निरीक्षणासाठी लोट्याइतकी सोयीची जागा क्वचितच सापडेल. मुंबई-गोवा महामार्गावर खेड आणि चिपळूण यांच्यामध्ये, परशुराम घाटाच्या माथ्यावरील सड्यावर आमचे हे गाव आहे. घाट उतरला की खाली वाशिष्ठी. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात येथे औद्योगिक वसाहत झाली आणि भातशेतीच्या गावात रासायनिक कारखाने आले. पुढे १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण झाली. परिणामी आज लोट्याच्या नाक्यावर तीन तऱ्हेचे पाहुणे एकाच वेळी जेवताना दिसतात. पहिला, गोव्याकडे निघालेला पर्यटक. दुसरा, शिमग्या-गणपतीला येणारा चाकरमानी. आणि तिसरा, सातारा-कोल्हापूरपासून बिहार-ओडिशापर्यंत कोठूनही पोटासाठी आलेला कामगार. या तिघांना आमचे ताट तीन तऱ्हांनी दिसते. आमच्या घरातून काही कामगारांना दोन वेळचे डबे जातात, त्यामुळे तिसऱ्या पाहुण्याचे मत मला रोज संध्याकाळी रिकाम्या डब्याबरोबर घरपोच मिळते!

प्रथम आमच्या रोजच्या जेवणाकडे पाहू. माणूस काय खातो हे त्याच्या आवडीपेक्षा त्याची जमीन अधिक ठरवते. येथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, पण जांभ्याच्या जमिनीत तो टिकत नाही. मळ्याच्या सखल जागेत भात होतो. डोंगरउताराच्या वरकस जमिनीत नाचणी आणि वरी. भात कापून झाला की उरलेल्या ओलीवर कुळीथ, पावटा, वाल पेरतात. गहू येथे पिकत नाही, म्हणून गव्हाची पोळी हा एकेकाळी सणाचा किंवा पाहुण्याचा पदार्थ होता. मुंबई सरकारने १८८० साली प्रसिद्ध केलेल्या रत्नागिरी जिल्ह्याच्या गॅझेटिअरातही भाताच्या जोडीला नाचणी, वरी, हरीक या धान्यांची नोंद आहे. भात विकून सारा भरायचा आणि नाचणीवर पोट भरायचे, हा गरिबाघरचा हिशेब होता.

या हिशेबातून आमचे रोजचे अन्न तयार झाले. सकाळी शेतावर जाणाऱ्यासाठी पेज. तांदूळ किंवा कण्या भरपूर पाण्यात मऊ शिजवून, चवीपुरते मीठ घालून, सोबत लोणच्याची फोड किंवा भाजलेले सुकट. लावणीच्या दिवसांत चिखलात वाकून काम करणाऱ्याला अन्न, पाणी आणि मीठ ही तिन्ही एका वाडग्यात मिळतात. ज्याने हा पदार्थ शोधला तो शाळेत गेला नसेल, पण शरीरशास्त्र त्याला ठाऊक होते. दुपारी भात आणि कुळथाची पिठी. कुळीथ भाजून, जात्यावर भरडून, पाखडून त्याचे पीठ करतात. लसूण-मिरचीच्या फोडणीत पाणी घालून त्यात हे पीठ कालवतात आणि दोन आमसुले टाकून कढ आणतात. जोडीला नाचणीची किंवा तांदळाची भाकरी. पावसाळ्यात टाकळा, भारंगी, कुर्डू, फोडशी अशा रानभाज्या. उन्हाळ्यात कोवळ्या फणसाची भाजी आणि पुढे आठळ्या.

आणि मासे? पर्यटकाची अशी दृढ समजूत असते की कोकणी माणूस सकाळी उठतो तो बांगडा हातात घेऊनच! वस्तुस्थिती वेगळी आहे. आमच्यासारख्या सड्यावरच्या गावात समुद्र दूर; मासळी यायची ती खाडीकाठच्या बायकांच्या डोक्यावरील पाटीतून. त्यातून सोमवार, गुरुवार, एकादशी, संकष्टी आणि सबंध श्रावण वजा करा. जून-जुलैत यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते. म्हणून पावसापूर्वी आगोटीची बेगमी करावी लागते: सुके बोंबील, सुकट, सोडे, शिवाय आमसुले, मीठ, मिरची, पापड-मिरगुंडे. ताजा मासा हा आमचा आनंद आहे. आधार सुक्या मासळीचा आणि कुळथाचा आहे.

महामार्गावरील हॉटेलांच्या पाट्यांवर मात्र यातले काही आढळत नाही. तेथे असते ‘अस्सल मालवणी जेवण’. मालवण येथून दोनशेच्या आसपास किलोमीटर दूर! पण पाहुण्याने कोकणाचे एकच नाव पाठ केले आहे आणि हॉटेलवाल्याला धंदा करायचा आहे. त्याला दोष देण्यात अर्थ नाही; ‘येथे पेज मिळेल’ अशी पाटी लावणारा दोन दिवसांत दुकान बंद करील.

सोलकढीचे उदाहरण या संदर्भात मोठे बोलके आहे. रातांब्याची साले त्याच्याच रसात आणि मिठात पुनःपुन्हा भिजवून उन्हात वाळवली की आमसूल होते. आमसुले पाण्यात कोळून, त्यात नारळाचे दूध, लसूण, मिरची घातली की सोलकढी. पर्यटक ती ग्लासात घेतो आणि जेवणाआधी गार पेयासारखी पितो. आम्ही ती शेवटच्या भातावर ओततो. त्याच्या दृष्टीने ती पेय आहे, आमच्या दृष्टीने कालवण. शिवाय रोज नारळ फोडणे कोणाला परवडते? म्हणून घरोघर अधिक चालते ती फुटी कढी, म्हणजे नारळाच्या दुधावाचून केलेले आमसुलाचे सार. तिचे नाव पर्यटकाने ऐकलेलेही नसते.

चहाचीही अशीच कथा. पूर्वी उन्हातून आलेल्याला गूळ-पाणी देत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात चहा उत्पादकांनी देशभर मोठा प्रचार केला आणि मुंबईच्या चाकरमान्याबरोबर चहा आमच्या पडवीत येऊन बसला. कोकणातील गाय अंगाने लहान आणि दुधाला बेताची. म्हणून कित्येक घरांत कोरा चहाच होई. पाहुण्यासाठी दूध शेजारून उसने आणायचे आणि आपण कोरा प्यायचा. हाही झाकलेल्या भांड्याचाच एक प्रकार होय.

आता तिसऱ्या पाहुण्याकडे वळू. पर्यटक एक दिवस जेवतो आणि कौतुक करून जातो. कामगाराला तीनशे दिवस जेवायचे असते. त्याचे मत अधिक मोलाचे, कारण ते कौतुकाचे नसून भुकेचे असते. आरंभी आईने डब्यात कधी पिठी घातली नाही. “परक्या मुलुखातली माणसं, पैसे देऊन जेवतात. त्यांना कुळीथ कसं द्यायचं?” असे तिचे म्हणणे. एकदा पावसात रस्ता बंद होऊन भाजी आली नाही, तेव्हा नाइलाजाने पिठी गेली. संध्याकाळी डबा परत करताना साताऱ्याकडचा कामगार म्हणाला, “मावशी, हे तर आमच्या हुलग्याचं माडगं! आई आठवली.” आई म्हणाली, “तुमच्याकडे हुलगे म्हणत असतील हो, आमच्याकडे ह्याला कुळीथ म्हणतात.” घाटावरचा हुलगा आणि कोकणातला कुळीथ एकच. सह्याद्रीने नाव तेवढे बदलले.

पुढे असे शोध लागतच गेले. बिहारच्या कामगाराने नाचणीची भाकरी पाहताच तिला ‘मडुआ’ म्हणून ओळखले. मिथिलेत जितिया व्रताच्या आदल्या दिवशी बायका मडुआची भाकरी आणि मासे खातात, ही माहिती त्याच्याकडूनच मिळाली. म्हणजे जे अन्न आपण पाहुण्यापासून लपवितो, ते तेथे व्रताच्या ताटात मानाने वाढले जाते! कर्नाटकात तीच नाचणी रागी होऊन मुद्द्याच्या रूपाने ताटात येते. ओडिशाच्या कामगाराने आमचा रात्रीचा पाण्यात ठेवलेला भात पाहिला आणि ‘पखाळ’ म्हणून हसला. गंमत अशी की ही नाचणी मूळची पूर्व आफ्रिकेची. हजारो वर्षांपूर्वी ती भारतात आली. तर आपण ‘अस्सल कोकणी’ म्हणून मिरवितो तो काजू आणि ती मिरची पोर्तुगीजांमुळे अमेरिका खंडातून आली. ताटात अस्सल-नक्कल ठरविणे वाटते तितके सोपे नाही.

येथे आणखी एक गोष्ट आठवते. या जिल्ह्यातील कितीतरी घरे मुंबईच्या मनीऑर्डरवर चालली. गिरणगावात आमचे आजे-पणजे खानावळीत जेवले. परक्या शहरात त्यांना गावची चव देणाऱ्या बायका तुटपुंज्या पैशांत राबल्या. त्याच बायकांना संघटित करण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. १९८२ च्या संपानंतर गिरण्या मोडल्या आणि तो अध्याय संपत गेला. काल आपण परमुलुखात डबा खाणारे होतो, आज डबा देणारे आहोत. नाक्यावर ‘भय्या’ म्हणून कामगाराला हिणवणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवले तरी पुष्कळ झाले.

परंतु हे सारे कौतुक करीत असताना मूळ ताटच रिकामे होत आहे, याकडे डोळेझाक करता येणार नाही. वरकस जमिनी पडीक राहू लागल्या आहेत. माणसे शहरात किंवा कारखान्यात, उरलेल्या पिकावर माकडे आणि रानडुकरे. नाचणीची भाकरी थापणारे हात म्हातारे झाले. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते. सडीक तांदळात ते दहाच्या आसपास भरते. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरड धान्यांचे वर्ष म्हणून पाळले, तेव्हा शहरात नाचणीची बिस्किटे महाग झाली. आमच्या वाडीत मात्र नाचणी पेरणारे वाढले नाहीत.

खाडीची गोष्ट त्याहून कठीण आहे. कारखान्यांच्या सांडपाण्याने दाभोळ खाडीतील मासळी घटली, ही भोई-मच्छीमारांची तक्रार जुनी आहे. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट समितीच्या २०११ च्या अहवालातही लोट्याच्या प्रदूषणाचा प्रश्न मांडला गेला. ज्या वसाहतीने डब्यांना गिऱ्हाईक दिले, तिच्याच सांडपाण्यामुळे डब्यातला मासा दुर्मीळ होतो, हा आमच्यापुढील खरा पेच आहे. रोजगार हवा हे खरे, आणि खाडी हवी हेही तितकेच खरे. दोहोंपैकी एक निवडा असे जो सांगतो, त्याने खाडीकाठच्या घरात एक वेळ जेवून पाहावे.

आपण विद्यार्थी कारखाने हलवू शकत नाही. पण काही गोष्टी आपल्या हाती आहेत. स्नेहसंमेलनात पावभाजीच्या शेजारी पिठी-भात आणि आंबिलाचा एक स्टॉल लावता येईल. सुटीत घरच्या वृद्ध स्त्रियांकडून रानभाज्यांची नावे, त्यांच्या खुणा आणि शिजविण्याच्या रीती उतरवून घेता येतील. ते काम मराठी आणि भूगोल या दोन्ही विभागांना शोभेल. आणि सर्वांत सोपी गोष्ट म्हणजे, पुढच्या वेळी पाहुणा अवेळी आला तर चुलीवरचे भांडे झाकू नये. आणखी एक वाडगा मांडावा.