पडवीतला जुना ट्रॅक्टर

माळव्याच्या काळ्या जमिनीत ट्रॅक्टरने जे पहिले मोठे काम केले, ते डागडुजी केलेल्या जुन्या यंत्रांनी केले, हे आमच्या पुष्कळ वाचकांस ठाऊक नसेल. दुसरे महायुद्ध संपल्यावर अमेरिकन लष्कराचे शिल्लक राहिलेले ट्रॅक्टर सरकारने घेतले, ते दुरुस्त करविले आणि केंद्रीय ट्रॅक्टर संघटनेच्या हाती देऊन मध्य भारत व भोपाळ या प्रदेशांत कांस उपटण्यास लावले. कांस हे गवत मुळे इतकी खोल रोवते की बैलांचा नांगर तेथे हरतो. पुढे १९४९ साली याच कामासाठी जागतिक बँकेकडून एक कोटी डॉलरचे कर्ज घेऊन नवी यंत्रे आणविण्यात आली. पण प्रारंभ झाला तो जुन्यावरच.

शेतकऱ्याच्या स्वतःच्या दारी ट्रॅक्टर उभा राहण्यास आणखी काही वर्षे जावी लागली. १९५९ साली फरिदाबादच्या कारखान्यातून आयशर ट्रॅक्टर बाहेर पडला. या घराण्यातील लहान ट्रॅक्टरांस एकच सिलिंडर, आणि तोही वाऱ्याने थंड होणारा. पाण्याची टाकी नाही की रेडिएटर नाही. जितके भाग कमी तितके बिघाड कमी. म्हणूनच मळा, बाग आणि बेताची शेती असलेल्या कुटुंबांस तो मानवला, आणि म्हणूनच आज कित्येकांच्या पडवीत तो कोंबड्यांचे बसण्याचे ठिकाण होऊन राहिला आहे.

उज्जैनजवळच्या एका खेड्यात आपल्या धर्मबंधूंच्या एका मराठी कुटुंबात आम्ही असाच एक ट्रॅक्टर पाहिला. वडील निवर्तल्यापासून तो हलला नव्हता. थोरल्या मुलाचा विचार जमीन तारण ठेवून नवा घ्यावा असा. धाकटा म्हणे, दादा, आधी हा उघडून तर पाहू. भंगारवाला दोनदा येऊन गेला होता. शेवटी आईने निवाडा केला: “सोयाबीन निघेपर्यंत तुम्हांला मुदत. गव्हाच्या पेरणीला हा चालला नाही, तर मग कागदावर सही करू.” जमिनीचा कागद सावकाराच्या किंवा बँकेच्या कपाटात जाणे म्हणजे काय, हे शेतकरी कुटुंबास सांगावयास नको.

अशा वेळी पहिला मोह होतो तो बॅटरी जोडून इंजिन फिरविण्याचा. तो आवरावा. वर्षानुवर्षे उभ्या इंजिनात पिस्टनच्या कड्या गंजाने सिलिंडरला धरून बसतात. बळ लावले तर त्या मोडतात आणि दहा रुपयांच्या जागी हजारांचे काम निघते. या भावांनी नॉझल काढले, त्या वाटेने पातळ तेल आत सोडले व तीन दिवस यंत्रास हात लावला नाही. चौथ्या दिवशी पाना लावून हळूहळू मागेपुढे करताच इंजिन सुटले. खालचे जुने ऑइल काढले तेव्हा ते दुधाळ दिसले. म्हणजे त्यात पाणी शिरले होते. अशा ऑइलवर इंजिन एक क्षणही चालवू नये.

वाऱ्याने थंड होणाऱ्या इंजिनाचा खरा वैरी उंदीर होय. सिलिंडरभोवतीच्या पातळ पट्ट्यांमधून वारा वाहावयाचा, तेथेच ते घरटे करतात. पत्र्याचे आवरण काढले तेव्हा चिंध्या, काड्या व सोयाबीनच्या शेंगांची टरफले घमेलेभर निघाली. आवरण न काढता यंत्र चालविले असते, तर तासाभरात तापून पुन्हा अडकले असते. हवेच्या गाळणीतील तेलही बदलावे. माळव्याची उन्हाळी धूळ आत गेली की सिलिंडर घासून काढते. डिझेलची टाकी धुवावी, फिल्टर नवा घालावा, आणि फिल्टरवरचा स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत पंपाने हवा बाहेर काढावी. इंजिन सुरू न होण्याचे निम्मे दुखणे या अडकलेल्या हवेतच असते, असे आम्हांस वाटते.

आता आयाबहिणींस विशेष सांगणे आहे, कारण ही कामे अंगणात होतात आणि भोवती मुले असतात. नॉझलमधून सुटणारी डिझेलची धार त्वचा भेदून शरीरात जाते. जखम टाचणीएवढी दिसली तरी तत्काळ रुग्णालय गाठावे. बंद पडवीत इंजिन कदापि चालवू नये, कारण त्याचा धूर माणूस निजल्या जागी मारतो. नुसत्या जॅकवर उभ्या केलेल्या यंत्राखाली कोणीही शिरू नये. लाकडी ठोकळे लावावेत. फिरत्या दांड्यात पदर किंवा धोतराचा सोगा सापडू नये म्हणून झाकण बसवावे. इंजिन सुरू कसे करावे याआधी ते बंद कसे करावे, हे घरातल्या प्रत्येकाने शिकावे.

सगळेच घरी होते असे नाही. डिझेल पंप व नॉझल यांची तपासणी यंत्रावरच व्हावी लागते. ती त्यांनी उज्जैनच्या मिस्त्रीकडून करविली, आणि खर्चाचा मोठा भाग तोच झाला. ज्यांस हे विद्येच्या दृष्टीने शिकावयाचे आहे, त्यांच्यासाठी याच राज्यात नर्मदाकाठी बुदनी येथे केंद्र सरकारची शेतीयंत्रांची प्रशिक्षण व चाचणी संस्था आहे. तिचा उगम १९५५ सालच्या ट्रॅक्टर प्रशिक्षण केंद्रात आहे. त्याच वर्षी पोप बारावे पायस यांनी १ मे हा दिवस श्रमिक संत योसेफाचा सण म्हणून नेमला. त्या सुताराच्या घरीही मोडलेले नांगर नीट होण्यास येत असतील, असे आम्हांस कधी कधी वाटते.

एक गोष्ट पुष्कळजण विसरतात. खर्च करण्याआधी नोंदणीचा कागद पाहावा. नोंदणी पंधरा वर्षांची असते व पुढे नूतनीकरण लागते. मालक वारला असल्यास ती वारसाच्या नावे करून घ्यावी लागते. या भावांचे निम्मे श्रावण पान्यात गेले आणि निम्मे कचेरीत.

दसऱ्यानंतर इंजिन लागले. प्रथम पांढरा, मग काळसर धूर निघाला आणि मग तो निवळला. आईने सही केली नाही. पहिले काही तास त्यांनी यंत्रास नांगर लावला नाही, केवळ लसणाच्या वाफ्यांची हलकी मशागत केली. मग ऑइल पुन्हा बदलले, सगळे नट आवळले, आणि त्यानंतरच गव्हाच्या शेतात पेरणीयंत्र जोडले.