आवाज आला, गुळवेल दिसलीच नाही

द्रव्याची ओळख चुकली की पुढील सारा चिकित्साविचार व्यर्थ ठरतो. आपली गुडूची म्हणजे टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया. तिच्यासारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा ही अपायकारक ठरू शकते, असे आयुष मंत्रालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले. क्रिस्पाच्या खोडावर बारीक गाठींची दाटी असते. गुडूचीच्या खोडावर त्या नसतात.

हा भेद वाचून कळण्यापेक्षा पाहून लवकर कळतो. म्हणून आम्ही मोबाइलवर दोन मिनिटांची चित्रफीत घेऊन ती आमच्या औषधालयाच्या संकेतस्थळावर ठेवली. चंद्रपुरात ती उत्तम दिसली. एटापल्लीकडून गुळवेल आणणाऱ्या संग्राहकाच्या जुन्या फोनवर मात्र पडदा काळाच राहिला. आवाज तेवढा आला. ‘ही घ्या, ती नको’ असे त्याने ऐकले. पण ही कोणती आणि ती कोणती? त्या खेपेचे पोते आम्ही खोड न् खोड तपासून घेतले. सुदैवाने गाठाळ खोड निघाले नाही.

निदान सोपे होते. आमच्या नव्या फोनने चित्रण एच.२६५ पद्धतीने साठवले होते. ती उलगडण्याची सोय प्रत्येक फोनात वा ब्राउझरमध्ये नसते. फाइलवर ‘एमपी४’ असे नाव असले तरी आतील पद्धत निराळी असू शकते. बरणीवरील चिठ्ठीवरून आतील चूर्णाची खात्री होत नाही, तसेच हे.

पूर्वी चित्रफितीसाठी फ्लॅश लागे. ते २०२० अखेर बंद झाले. आता ब्राउझरला ‘व्हिडिओ’ हा टॅग पुरतो. आमचा अनुभवसिद्ध उपचार असा :

१. चित्र एच.२६४ व ध्वनी एएसी पद्धतीत रूपांतरित करावा. हे जवळजवळ सर्वत्र चालते.

२. रुंदी-उंची आटोपशीर ठेवावी. ‘प्रीलोड’ला ‘नन’ द्यावे, म्हणजे पाहणाऱ्याने बटण दाबेपर्यंत सहसा डेटा खर्च होत नाही. भामरागड-सिरोंचाकडील क्षीण नेटवर्कमध्ये याचे मोल मोठे.

३. रूपांतर करताना ‘फास्ट स्टार्ट’ निवडावे. फाइलची अनुक्रमणिका आरंभी येते व संपूर्ण फाइल उतरण्याआधीच चित्र सुरू होते.

४. टॅगच्या आत लिहिलेला पर्यायी मजकूर केवळ तो टॅग न ओळखणाऱ्या ब्राउझरमध्ये दिसतो. आमच्यासारख्या प्रसंगी दिसत नाही. म्हणून दोन्ही खोडांची छायाचित्रे चित्रफितीखाली स्वतंत्र द्यावीत.

आता नवी चित्रफीत आम्ही प्रथम त्याच संग्राहकाच्या फोनवर पाहतो. तिथे दिसली, तरच ती प्रसिद्ध करतो.